‘अमृतानुभवा’तील शब्दविचार आणि जीवनदृष्टी

१

तत्त्वज्ञानाच्या ग्रंथामुळे माणसाची जीवनदृष्टी पालटते, असे आपण सहज बोलून जातो. परंतु ती नेमकी कशामुळे पालटते, याची चिकित्सा मात्र क्वचितच होते. ग्रंथात प्रतिपादिलेला सिद्धान्त वाचकाला पटला की त्याची दृष्टी आपोआप बदलते, हा या बाबतीतला रूढ समज होय. पण तो अनुभवाच्या कसोटीस उतरत नाही. सिद्धान्त पूर्णपणे मान्य असूनही ज्यांचे जगणे तिळमात्र हलले नाही, असे वाचक पुष्कळ असतात. उलट, सिद्धान्ताशी मतभेद कायम ठेवूनही एखाद्या ग्रंथाच्या वाचनानंतर पूर्वीप्रमाणे विचार करणे ज्यांना अशक्य झाले, असेही वाचक आढळतात. तेव्हा दृष्टी पालटण्याचे कारण सिद्धान्ताच्या स्वीकाराहून वेगळे असले पाहिजे.

प्रस्तुत लेखात हा प्रश्न ज्ञानदेवांच्या ‘अमृतानुभव’ या एकाच ग्रंथापुरता मर्यादित करून तपासावयाचा आहे. ही निवड दोन कारणांनी केली आहे. एक असे की, हा ग्रंथ कोणत्याही मूळ ग्रंथावरील टीका नव्हे. त्यामुळे येथे ग्रंथकाराचा विचार दुसऱ्याच्या क्रमाने बांधला गेलेला नाही. दुसरे व अधिक महत्त्वाचे कारण असे की, शब्दाने माणसासाठी काय साधते व काय साधत नाही, हा प्रश्न या ग्रंथाने स्वतःच उपस्थित केला आहे. म्हणजे आपण ज्याविषयी ग्रंथाला विचारू पाहतो, त्याविषयी ग्रंथानेच आधी स्वतःला विचारून घेतले आहे. भाषेच्या अभ्यासकाला याहून सोयीचा साक्षीदार मिळणे कठीण.

२

ग्रंथाची बाह्य माहिती सर्वपरिचित असल्याने ती थोडक्यात सांगितली तरी पुरे. अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील प्रवरेकाठच्या नेवासे येथे शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० च्या सुमारास, ‘ज्ञानेश्वरी’ पूर्ण झाली. त्यानंतर निवृत्तिनाथांच्या सांगण्यावरून ज्ञानदेवांनी हा स्वतंत्र ग्रंथ रचला आणि तोही नेवाशासच, असे परंपरा मानते. शके १२१८ मध्ये, इ. स. १२९६ साली, ज्ञानदेवांनी आळंदीस समाधी घेतली; तेव्हा या ग्रंथाची रचना मधल्या काही वर्षांतलीच ठरते. गीतेच्या सातशे श्लोकांवर सुमारे नऊ हजार ओव्यांचा विस्तार करणाऱ्या लेखकाने येथे दहा प्रकरणांत व अवघ्या आठशेच्या आसपास ओव्यांत आपले म्हणणे संपविले आहे. ‘अनुभवामृत’ हे ग्रंथाचे दुसरे व ग्रंथात येणारे नाव. दोन्ही नावे आज रूढ आहेत.

नेवासे हे गाव प्राचीन वस्तीचे. ह. धी. सांकलिया व त्यांचे सहकारी यांनी १९५४ ते १९५६ या काळात तेथे केलेल्या उत्खननाने या वस्तीचा इतिहास थेट अश्मयुगापर्यंत मागे नेला. ज्या दगडी खांबाला टेकून ज्ञानदेवांनी गीतार्थ सांगितला अशी श्रद्धा आहे, तो खांब आज मंदिरात आहे. दुर्गा भागवत यांच्या १९७० साली प्रसिद्ध झालेल्या लेखसंग्रहाला ‘पैस’ हे नाव मिळाले ते याच खांबावरील लेखावरून. ‘पैस’ म्हणजे ऐसपैस मोकळी जागा, विस्तार. एका उभ्या दगडाला विस्ताराचे नाव मिळावे, ही घटना आपल्या विषयाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. ग्रंथाने पालटलेली दृष्टी ही बहुधा नव्या वस्तू पाहत नाही. जुन्याच वस्तूभोवती तिला अधिक जागा दिसू लागते.

३

‘अमृतानुभवा’वरील आधुनिक चर्चेचा मोठा भाग एका प्रश्नाने व्यापलेला आहे. हा ग्रंथ शांकर मायावादाचा पुरस्कर्ता की विरोधक, हा तो प्रश्न होय. जगत् हा अज्ञानमूलक भास नसून चैतन्याचाच विलास आहे, असे ज्ञानदेव म्हणतात. म्हणून त्यांचे मत ‘चिद्विलासवाद’ किंवा ‘स्फूर्तिवाद’ या नावाने वेगळे काढावे, असे एक पक्ष म्हणतो. काश्मीरच्या शैव दर्शनाशी, व विशेषतः ‘शिवसूत्रां’शी, असलेले नाते तो पुढे करतो. तिसऱ्या प्रकरणात ज्ञानदेवांनी शिवसूत्राचा नामनिर्देशच केलेला असल्यामुळे हे नाते नाकारता येण्याजोगे नाही. दुसरा पक्ष ज्ञानदेवांनी ‘ज्ञानेश्वरी’त शंकराचार्यांचा मागोवा घेतल्याकडे बोट दाखवून हा भेद केवळ मांडणीचा मानतो. शं. दा. पेंडसे, भा. पं. बहिरट आदी अभ्यासकांच्या ग्रंथांनी ही चर्चा समृद्ध केली आहे आणि तिच्या परिचयावाचून या ग्रंथाचा अभ्यास पुरा होणार नाही.

असे असले तरी या चर्चेने एक नुकसानही केले आहे. ग्रंथाला ‘वादा’चे नाव मिळाले की त्याचे काम संपले, असा ग्रह पदव्युत्तर वर्गात दृढ होतो. विद्यार्थी ‘चिद्विलासवाद’ हा शब्द शिकतो, त्याची चार लक्षणे पाठ करतो व उत्तरपत्रिकेत लिहितो. ग्रंथ आपल्या मार्गाने जातो, विद्यार्थी आपल्या. वर्गीकरण हे अभ्यासाचे साधन असते. त्याला साध्य मानले म्हणजे ग्रंथाने वाचकावर काय करावयाचे ठेवले होते, हा प्रश्नच दृष्टीआड होतो. ज्ञानदेवांचा रोख मात्र त्याच प्रश्नाकडे आहे, आणि त्याची सुरुवात त्यांनी शब्दापासून केली आहे.

४

तिसऱ्या प्रकरणाचे नाव ‘वाचाऋणपरिहार’ असे आहे. परा, पश्यन्ती, मध्यमा व वैखरी या चार वाचांचे माणसावर ऋण आहे व ते फेडले पाहिजे, ही कल्पना मुळातच विलक्षण आहे. भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त वाणीच्या तीन पायऱ्या सांगितल्या; शैव आचार्यांनी तीत ‘परा’ ही चौथी मिळविली. वाणीच्या या उतरंडीकडे पाहण्याचा त्यांचा भाव पूजेचा आहे. ज्ञानदेवांनी तीच परिभाषा घेतली, पण नाते बदलून टाकले. येथे वाणी ही देवता राहत नाही, ती सावकार होते. तिने आपल्याला अज्ञानाच्या झोपेतून उठविले हे खरे. परंतु उठल्यानंतर ‘मी जागा झालो’ ही जाणीव उरते, तीही तिचीच देणगी असते. अज्ञान गेले तरी ज्ञानाचे बंधन राहिले. शिवसूत्राचा आधार ज्ञानदेव घेतात तो नेमका या ठिकाणी: ज्ञान हाही बंध होय.

पाचव्या प्रकरणात ‘सत्’, ‘चित्’ व ‘आनंद’ या तीन पदांची तपासणी आहे. परमतत्त्वाचे हे तीन गुण नव्हेत, असे ज्ञानदेव म्हणतात. कापराचा उजाळा, त्याचा सुगंध व त्याचा मऊपणा यांना नावे तीन असली, तरी हाती लागतो तो एक कापूरच. मग तीन पदे कशासाठी? तर असत्, जड आणि दुःख यांची व्यावृत्ती करण्यासाठी. म्हणजे ही पदे वस्तूचे वर्णन करीत नाहीत, आपल्या चुकीच्या समजुती बाजूला सारतात. आणि तेवढे झाले की तीही मागे फिरतात. अर्थविज्ञानाच्या आजच्या परिभाषेत सांगावयाचे तर, या पदांचे मूल्य त्यांच्या निर्देशात नाही, ते त्यांच्या विरोधसंबंधात आहे. फेर्दिनां द सोस्यूरच्या १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांमुळे ही गोष्ट भाषाशास्त्रात प्रतिष्ठा पावली. दोघांचे प्रयोजन अगदी भिन्न आहे, हे अर्थातच विसरता कामा नये.

सहाव्या प्रकरणाचे नाव ‘शब्दखंडन’ असले तरी त्याचा आरंभ शब्दाच्या स्तुतीने होतो. शब्द हा स्मरण करून देणारा आहे. जे निराकार आहे त्याचाही तो आरसा होतो. डोळस माणसाने आरशात पाहिले तर त्यात नवल नाही. पण या आरशाने न पाहणाराही पाहता होतो. इतकी थोरवी गाऊन झाल्यावर ज्ञानदेव विचारतात, की एवढा समर्थ शब्द आत्म्याच्या उपयोगी पडतो काय? आत्मा स्वयंसिद्ध असल्यामुळे त्याला सिद्ध करण्याची शब्दाला जागा नाही. अविद्या मुळातच नसल्यामुळे तिचा नाश करण्याचे श्रेयही त्याला मिळत नाही. मृगजळाला बांध घालण्यासारखेच ते होईल. अशा रीतीने दोन्ही बाजूंनी शब्दाचे काम संपते.

येथे लुडविग विट्गेन्स्टाइनच्या ‘ट्रॅक्टाटस’ची आठवण होणे स्वाभाविक आहे. आपली विधाने ही वर चढून गेल्यावर टाकून द्यावयाची शिडी आहे, असे १९२१ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाच्या शेवटी तो सुचवितो. साम्य उघड आहे. पण भेद अधिक बोधप्रद आहे. शिडी टाकून देणारा वरच्या माडीवर पोचलेला असतो. ज्ञानदेवांच्या ग्रंथात वरची माडीच नाही. शब्द गळून पडतो तेव्हा वाचक जेथे होता तेथेच असतो; आपण कोठे तरी जावयाचे आहे ही त्याची समजूत मात्र गळालेली असते.

५

आता हे ज्या भाषेत घडले तिच्याकडे वळू. आत्म्यासाठी ज्ञानदेव अनेक ठिकाणी ‘आपणपें’ हा शब्द योजतात. संस्कृत ‘आत्मन्’ पासून प्राकृत ‘अप्पण’ व त्यापासून मराठी ‘आपण’ अशी ही परंपरा आहे. संस्कृतातही ‘आत्मन्’ हा शब्द निजवाचक सर्वनामाचे काम करी; पण दर्शनग्रंथांतून त्याला पारिभाषिक संज्ञेचे वजन आले आणि तो बोलण्यातून दूर गेला. ज्ञानदेवांनी संज्ञेची वस्त्रे उतरवून त्याला पुन्हा सर्वनामांच्या कुळात आणून बसविले. ‘आत्मा’ म्हटले की काहीतरी वस्तू शोधावयाची आहे असे वाटते. ‘आपणपें’ म्हटले की शोधणाराच पुढे उभा राहतो. नाम वस्तूकडे बोट दाखविते, तर सर्वनाम बोलणाऱ्याकडे मागे वळते. ग्रंथाचा सारा युक्तिवाद या वळणात सामावलेला आहे.

आजच्या मराठीत ‘आपण’ हा शब्द निजवाचक आहे, ऐकणाऱ्यालाही सामावून घेणारे अनेकवचन आहे आणि आदरार्थी संबोधनही आहे. ‘आम्ही’ व ‘आपण’ यांतील भेद हिंदीच्या एका ‘हम’ मध्ये मावत नाही. व्युत्पत्तीने किंवा व्याकरणाने तत्त्वज्ञान सिद्ध होत नाही, ही मर्यादा मान्य करूनच एवढे म्हणता येईल, की मी, तू व आपण सर्व यांना एकच शब्द पुरतो अशा भाषेत वाढलेल्या वाचकाला द्रष्टा व दृश्य यांच्या ऐक्याची कल्पना ऐकताना आपल्याच घरात काहीतरी सापडल्यासारखे वाटते.

‘नाही’ या शब्दाचीही अशीच गोष्ट आहे. संस्कृतात ‘न’ हा निषेध करणारा अव्यय आहे. मराठीत ‘नाही’ हे क्रियापद झाले आहे. नाही, नाहीस, नाहीत अशी त्याची रूपे चालतात. म्हणजे मराठी बोलणारा नसणेही असण्यासारखेच चालवितो. चौथ्या प्रकरणात ज्ञानदेव नेमके या नसण्याला पकडतात. सर्व काही शून्य आहे असे म्हणणाऱ्याला ते विचारतात, की काहीच नाही हे जाणले कोणी? दिवा विझला हे कळावयास कोणीतरी मागे उरावे लागते. नसण्याचे प्रत्येक विधान कोणाच्या तरी असण्यावर उभे असते. हाच युक्तिवाद सातव्या, ‘अज्ञानखंडन’ या प्रकरणात विस्ताराने येतो. तीनशेच्या आसपास ओव्यांचे हे प्रकरण ग्रंथाचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग व्यापते. अज्ञान खरोखरीच आत्म्याला झाकू शकत असते, तर ‘हे अज्ञान आहे’ असे म्हणावयास कोण शिल्लक राहिले असते? ज्या अर्थी अज्ञान जाणवते, त्या अर्थी त्याने काही झाकलेले नाही.

६

येथपर्यंतचा विचार खंडनाचा झाला. त्याचा जगण्याशी संबंध नवव्या प्रकरणात उलगडतो. मुक्त पुरुषाच्या स्थितीचे वर्णन करताना ज्ञानदेव इंद्रिये निजविण्यास सांगत नाहीत. गंधालाच नाक फुटावे, नादालाच कान यावेत, आरशालाच डोळे लाभावेत, अशा भाषेत ते भोगणारा व भोग्य यांतले अंतर मिटवितात. भक्तीचा दृष्टान्त तर विशेष मननीय आहे: एकच डोंगर कोरून देव, देऊळ व देवाचा परिवार घडवावा, तसा भक्तीचा व्यवहार का होऊ नये, असा त्यांचा प्रश्न आहे. ज्याने वेरूळचे कैलास लेणे पाहिले आहे, त्याला हा दृष्टान्त स्पष्ट करून सांगावा लागत नाही. तेथे दगडावर दगड रचून देऊळ बांधलेले नाही. जे नको ते काढून टाकले, तेव्हा देऊळ उरले. भक्त, देव व पूजा हे तीन राहतात, त्यांचा व्यवहारही चालतो. केवळ त्यांच्यामधील परकेपणा नाहीसा होतो.

या ठिकाणी आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर हाती येते. संसार हे बंधन, देह हा तुरुंग व जगणे ही शिक्षा, अशी दृष्टी धार्मिक वाङ्मयातून आपल्या अंगवळणी पडलेली असते. ‘अमृतानुभव’ या दृष्टीच्या विरुद्ध दुसरे विधान मांडून थांबत नाही. ती दृष्टी ज्या शब्दांवर उभी आहे त्या ज्ञान, अज्ञान, बंध, मोक्ष या शब्दांची ताकद तो एकेक करून काढून घेतो. मोक्ष मिळवावयाचा आहे असे मानणाऱ्या वाचकाला मोक्ष मिळत नाही. त्याचा प्रश्नच त्याच्या हातून निसटतो. रोजचे पाहणे, चालणे, बोलणे हे तयारीचे दिवस न राहता पुरते दिवस होतात. सिद्धान्त अमान्य करणाऱ्या वाचकावरही असा ग्रंथ परिणाम करतो तो यामुळेच. उत्तर नाकारता येते. पण प्रश्नाचा पाया एकदा उघडा पडला की तो प्रश्न पूर्वीच्या निश्चिंतपणे विचारता येत नाही. दृष्टी पालटते ती नव्या उत्तरामुळे नव्हे, जुन्या प्रश्नाची सक्ती सुटल्यामुळे.

हे सामर्थ्य ज्ञानदेवांच्या शैलीत आहे, हे विसरून चालणार नाही. एका विधानामागे ते पाच-सात दृष्टान्त उभे करतात. काही टीकाकारांना ही पुनरुक्ती वाटते. आमच्या मते ती युक्तिवादाचीच पद्धत आहे. एका दृष्टान्ताने वाचकाला चित्र मिळते व तो त्या चित्रालाच धरून बसतो. दुसरा दृष्टान्त पहिल्याची पकड सैल करतो, तिसरा दुसऱ्याची. शब्दाला शब्दानेच निवृत्त करण्याचा जो विचार सहाव्या प्रकरणात सांगितला आहे, तो दृष्टान्तांच्या या रांगेत प्रत्यक्ष आचरलेला दिसतो.

७

आता या दृष्टीची मर्यादाही स्पष्ट केली पाहिजे. ग्रंथात ‘दुःख’ येते ते मुख्यतः आनंद या पदाचे विरोधी पद म्हणून. ‘आनंद’ म्हणजे दुःख नव्हे, एवढ्यावर तेथे काम भागते. पण माणसाने माणसाला दिलेल्या दुःखाचे काय? संन्याशाची मुले म्हणून ज्या भावंडांनी समाजाचा बहिष्कार सोसला असे परंपरा सांगते, त्यांतल्याच एकाचा हा ग्रंथ आहे. आणि तरीही त्या दुःखाचा उच्चार त्यात नाही. सर्व जगत् चैतन्याचा विलास असेल, तर विषमताही विलासच म्हणावी काय, असा प्रश्न आजचा विद्यार्थी वर्गात विचारतो व तो विचारण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. गं. बा. सरदार यांनी १९५० साली संतवाङ्मयाच्या सामाजिक फलश्रुतीचा प्रश्न मराठी समीक्षेत ठामपणे मांडला, तेव्हापासून या प्रश्नाला बगल देणे कोणाही अभ्यासकाला शोभत नाही.

या प्रश्नाचे उत्तर ‘अमृतानुभवा’त नाही, असे स्वच्छ सांगावे हेच बरे. अज्ञान मुळातच नाही, हे तत्त्वाच्या पातळीवरील विधान आहे. त्यावरून अन्याय मुळातच नाही, असे अनुमान काढणे म्हणजे ग्रंथाचा विपर्यास होय. पण तो विपर्यास रोखण्याची तजवीज ग्रंथाने केलेली नाही, हेही तितकेच खरे. त्याच भक्तिपरंपरेत मंगळवेढ्याचे चोखामेळा झाले. इ. स. १३३८ मध्ये गावकुसाचे काम चालू असता ते कोसळून त्यांचा अंत झाला, असे परंपरा सांगते. विटाळाच्या कल्पनेने दाराबाहेर ठेवलेल्या माणसाची वेदना त्यांच्या अभंगांत आहे. एकाच डोंगरातून देव, देऊळ व परिवार कोरल्याचा दृष्टान्त ज्ञानदेवांनी दिला. त्या देवळाच्या उंबरठ्याबाहेर कोण उभा आहे, हे चोखोबांनी दाखविले. दोघांना एकत्र वाचल्याखेरीज तेराव्या-चौदाव्या शतकातील मराठी विचाराचे चित्र पुरे होत नाही.

किंबहुना ‘आपण’ या शब्दाची खरी कसोटी येथेच लागते. त्यात ऐकणाराही येतो, असे व्याकरण सांगते. तो प्रत्यक्षात आला की नाही, हे व्याकरण सांगू शकत नाही. ते समाजाने ठरवावयाचे असते. तत्त्वज्ञानाचा ग्रंथ आपली दृष्टी मोकळी करू शकतो, जुन्या प्रश्नांची सक्ती दूर करू शकतो, वस्तूंभोवती पैस निर्माण करू शकतो. त्या पैसात कोणाला जागा द्यावयाची, हे काम तो वाचकावर सोपवितो. ‘अमृतानुभवा’ने आपल्या शेवटच्या प्रकरणात स्वतःच्या आवश्यकतेविषयीही शंका घेतली आहे: जे आधीच प्रकट होते तेच सांगितले, आपण गप्प राहिलो असतो तरी त्याला उणेपण आले नसते, असा तेथील भाव आहे. स्वतःलाही सूट न देणारा ग्रंथ वाचकाला शिष्य करीत नाही, त्याला जबाबदार करतो. या ग्रंथाचे मोल ठरविताना ‘वादा’च्या नावापेक्षा ही गोष्ट विद्यार्थ्यांनी अधिक ध्यानात ठेवावी, असे सुचवावेसे वाटते.